धूर ओढणारा पाइप

१

शेवटच्या पेपरच्या दिवशी कोरियन बार्बेक्यूला जायचं, हे आमचं फार आधीपासून ठरलेलं होतं. आमचं म्हणजे माझं आणि भिंगरीचं. भिंगरी हे तिचं खरं नाव नाही. एका जागी दोन मिनिटं बसत नाही म्हणून वर्गाने ते ठेवलं. मला सगळे मुंगी म्हणतात, कारण बाईंनी प्रश्न विचारला की माझं उत्तर पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही. भिंगरी शेजारी बसायची, त्यामुळे तिला ऐकू यायचं. मग ती उभी राहून मोठ्याने सांगायची, "बाई, ही म्हणतेय की..." आणि बाई मला गुण द्यायच्या. माझा आवाज मी तिच्याकडे सांभाळायला दिला होता म्हणा ना.

ते हॉटेल चष्म्याच्या दुकानाला लागून होतं. काचेचं दार, आत लाकडी टेबलं, प्रत्येक टेबलाच्या मधोमध एक गोल शेगडी बसवलेली. कच्चं मांस आणून देतात, आपणच भाजायचं. माझी आई याला हसायची. "घरी ताट उचलायला सांगितलं तर कपाळाला आठ्या, आणि तिथे जाऊन आनंदाने राबता!" प्रत्येक शेगडीवर छतातून एक पत्र्याचा पाइप खाली आलेला असे, घड्या पडलेला, हत्तीच्या सोंडेसारखा. त्याचं तोंड धरून खाली ओढलं की तो सगळा धूर आत घेतो.

चिमटा नेहमी भिंगरीच्या हातात. माझ्याकडे कात्री, आणि छोट्या वाट्या नीट मांडायचं काम. ती भाजायची आणि बोलायची, मी कापायची आणि ऐकायची. यात कधी बदल झाला नव्हता.

या वेळी मात्र दुसरीच एक गोष्ट आमच्याबरोबर टेबलाशी येऊन बसणार होती. तिच्या बाबांची बदली झाली होती. घरातले सगळे जाणार होते. भिंगरीला त्यांनी विचारलं होतं, बरोबर येतेस की आत्याकडे राहून शाळा इथेच पूर्ण करतेस? पेपर संपले की संध्याकाळपर्यंत सांग, म्हणजे शाळेतून दाखला काढायचा की नाही ते बघता येईल.

"मी काही ठरवलेलं नाही," भिंगरी रस्त्यात म्हणाली. "जेवताना तू सांग. तू म्हणशील तसं."

"मी?"

"मग काय तो चष्मेवाला?"

२

दुपार होती. हॉटेल जवळजवळ रिकामं होतं. खिडकीशी एक म्हातारं जोडपं वाफाळणारं सूप पीत बसलं होतं, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. त्यांची शेगडी पेटवलेली नव्हती.

"आल्या का परीक्षावाल्या!" वाढणाऱ्या काकू म्हणाल्या. त्या आम्हाला ओळखत. केसांना जाळी, कमरेला ॲप्रन, आणि हातात एका वेळी मावतील त्यापेक्षा जास्त वाट्या. "कसे गेले पेपर?"

"गेले ते गेले काकू, आता मागे वळून बघायचं नाही," भिंगरी म्हणाली.

काकू हसल्या, निखारे ठेवले, जाळी बसवली, पाइप खाली ओढून दिला. छतात कुठेतरी पंखा सुरू झाला. भिंगरीने माझा हात धरून घड्याळ उलटं केलं. त्याचा पट्टा तुटला होता तेव्हा शिवणाच्या तासाला तिनेच तो हिरव्या दोऱ्याने शिवून दिला होता.

"टिकलाय की गं माझा टाका!"

मांसाच्या पहिल्या पट्ट्या जाळीवर पडल्या आणि चुरचुरल्या. तेवढ्यात पाइपमधून कुणीतरी म्हणालं, "पलट पलट, करपतंय बघ."

मुलीचा आवाज होता. लांबून आल्यासारखा, पत्र्याला घासून आल्यासारखा. मी वर पाहिलं.

"पलट पलट, करपतंय बघ," भिंगरी स्वतःलाच म्हणाली आणि तिने पट्टी उलटली.

मांस भाजणारी माणसं आणखी काय म्हणणार? सगळ्या जगात सगळ्या शेगड्यांवर हेच वाक्य म्हणत असतील.

३

थोड्या वेळाने पाइप म्हणाला, "आत्या घोरायला लागली ना, की कपाटाची काच थरथरते."

आता हे सगळ्या जगात कुणी म्हणत नाही. मी कात्री खाली ठेवली.

भिंगरी घास गिळून माझ्याकडे वाकली. "तुला गंमत सांगू? आत्या घोरायला लागली ना, की कपाटाची काच थरथरते. तिथे मला झोप लागेल का सांग."

मी नेहमीसारखी तोंडावर हात धरून हसले. पण माझ्या हसण्याच्या आधी पाइपमध्ये एक हसणं होऊन गेलं होतं. मोठं, मोकळं, खाकरल्यासारखं. मी घरात, दार लावून, आईबरोबर असताना तशी हसते. बाहेर कधीच नाही. आणि हसून झाल्यावर तो आवाज म्हणाला, "मग तू आमच्याकडे झोपायला ये. माझी आई तर झोपेत भांडते. दोघींची लढत लावू!"

आवाज माझा होता.

माझ्या मनात तेच आलं होतं, शब्दाला शब्द. पण मी ते म्हटलं नव्हतं. माझ्या मनात जे येतं त्यातलं फार थोडं बाहेर पडतं, आणि तेही उशिरा, विषय बदलल्यावर.

मी स्वतःला समजावलं. सगळे पाइप वर एकमेकांना जोडलेले असणार. आपलंच बोलणं वर जाऊन फिरून परत येतंय. प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी नंतर येतो, आधी नाही, हे तर आम्हाला पाचवीतच शिकवलं होतं. शिवाय पंखा हवा वर ओढत होता. धूर सरळ वर जात होता, आणि आवाज खाली येत होता.

काकू जाळी बदलायला आल्या तेव्हा मी विचारलं, "काकू, हे सगळे पाइप वर जोडलेले आहेत का?"

"अगंबाई, मुंगी बोलली!" भिंगरीने टाळी वाजवली.

"जोडलेले आहेत की," काकू म्हणाल्या. "पण प्रत्येकाला झडप आहे. आता तुमची तेवढी उघडी ठेवलीय, बाकीच्या बंद. कशाला उगाच सगळीकडून वारा खेचायचा? का गं, डोळ्यांत धूर जातोय?"

"नाही. आतल्या खोलीत कुणी बसलंय का?"

"आत? आत कुणी नाही. मोठं गिऱ्हाईक आलं तरच उघडतो ती." करपलेली जाळी चिमट्यात धरून त्या गेल्या.

भिंगरीने पाइपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपल्यापेक्षा हाच जास्त बोलतोय, नाही?" ती म्हणाली.

पंख्याच्या घरघरीबद्दल म्हणतेय, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, तसं वाटून घेणं सोपं होतं.

४

त्यानंतर मी जेवले की नाही ते मला आठवत नाही. मी ऐकत होते.

भिंगरीचं जवळजवळ प्रत्येक वाक्य आधी वर होत होतं आणि मग समोर. "मुळ्याचं लोणचं संपलं." "हा तुकडा तू घे, मऊ आहे." "गणिताच्या बाईंचा चेहरा बघितलास का आज?" वरची भिंगरी आणि समोरची भिंगरी यांच्यात केसाएवढाही फरक नव्हता.

फरक होता तो माझ्यात. समोर भिंगरी बोलायची आणि मी मान हलवायची. वर भिंगरी बोलायची आणि मी उत्तर द्यायची. वरची मी चेष्टा करत होते. "तूच सगळं खाल्लंस आणि मला विचारतेस?" असं खुशाल म्हणत होते. गणिताच्या बाईंची नक्कल करत होते, आणि ती इतकी हुबेहूब होती की मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. ती नक्कल मी फक्त आरशासमोर केली होती.

समोर भिंगरी हळूहळू गप्प होत चालली होती. चिमट्याने उगाच एकच तुकडा इकडून तिकडे सरकवत होती. आत्याच्या घराचा विषय काढायची, मध्येच सोडून द्यायची, आणि माझ्याकडे बघत बसायची. दाखला, आत्या, नवीन शाळा यांनी तिचं डोकं भरून गेलं असेल, असं मी धरून चालले.

मी तिला विचारू शकले असते, "तुला हे ऐकू येतंय का?" एवढं साधं वाक्य. जिभेवर आणून ठेवलं होतं. पण ती नाही म्हणाली तर? मग ते फक्त माझ्या डोक्यात आहे, असं ठरलं असतं. आणि हो म्हणाली तर तिने ती दुसरी मी ऐकलेली असणार, जी माझ्यापेक्षा बरी होती.

मी विचारलं नाही.

५

तिथे घास करायची एक पद्धत आहे, काकूंनीच आम्हाला शिकवलेली. लेट्यूसचं पान तळहातावर घ्यायचं, त्यात भाजलेला तुकडा, थोडा भात, लसूण, लाल चटणी ठेवायची, पानाची पुरचुंडी करायची आणि समोरच्याच्या तोंडात द्यायची. सगळी एकदम. अर्धी तोडून खाणं वाईट दिसतं. तोंड इतकं भरतं की चावून होईपर्यंत बोलताच येत नाही. मला ही पद्धत पहिल्यापासून आवडायची. गप्प बसायला तेवढंच चांगलं कारण.

भिंगरीने एक मोठी पुरचुंडी केली. "आ कर."

मी आ केला. लसणाने डोळ्यांत पाणी आलं.

"आता सांग, राहू का जाऊ?" पाइप म्हणाला.

"आता सांग, राहू का जाऊ?" भिंगरी म्हणाली. तिने हात पुसले, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली. "घाई नाही. चावून होईपर्यंत विचार कर."

मी चावत होते. ओठ मिटलेले होते, गाल फुगलेले होते. आणि वरून माझा आवाज आला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतका स्वच्छ.

"राहा. तू गेलीस तर मी कुणाशी बोलणार? मला एकटीला नाही जमत गं. राहा ना."

आठवडाभर रोज अंथरुणात पडल्यावर मी हीच वाक्यं मनात जुळवत होते. "गं" कुठे घालायचा ते शेवटपर्यंत ठरत नव्हतं. आईलाही मी ती म्हणून दाखवली नव्हती.

भिंगरीने मान वर केली होती, धूर चुकवायला करतात तशी. मग तिने ती खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मोकळा झाला होता. ती थोडी पुढे सरकली. आणि थांबली.

मी घास गिळला.

आता फक्त तेच म्हणायचं होतं. पण मी घाबरले. पाइपमध्ये जे आधी होत होतं तेच मग खाली होत होतं. मी आता "राहा" म्हटलं असतं, तर ते माझं म्हणणं राहिलं नसतं. मी त्या आवाजाच्या मागून चाललेली असते, आणि एकदा मागे लागले की पुढचं सगळं बोलणं तोच आधी बोलणार आणि मी फक्त ओठ हलवणार. मला ते एकदा तोडायचं होतं. एकदाच खोटं पाडायचं होतं. आणि त्यासाठी माझ्याकडे दुसरा एकच शब्द होता.

"जा," मी म्हणाले.

तो शब्द चांगला मोठ्याने बाहेर पडला. खिडकीशी बसलेल्या आजोबांनी वळून पाहिलं.

"जाऊ?" भिंगरीने विचारलं.

"हो. आई-बाबांबरोबर जा. तेच बरं."

पाइपमध्ये यातलं काहीच आलं नव्हतं. मी जिंकले होते.

भिंगरीने राहिलेले तुकडे एकेक करून माझ्या ताटात ठेवले आणि चिमटा माझ्या बाजूला सरकवून दिला. तो तिने आजपर्यंत कधी मला दिला नव्हता.

६

मला वाटलं होतं आता आवाज थांबेल. तो थांबला नाही. वर दोघी हसत होत्या. वरची भिंगरी फोनवर सांगत होती, "बाबा, मी आत्याकडे राहतेय. हो, नक्की. मुंगीने सांगितलं." आणि वरची मी मागून ओरडत होते, "काका, काळजी करू नका, मी आहे!"

"हात धुऊन येते," मी म्हणाले.

बेसिन आतल्या खोलीच्या पलीकडे होतं. खोलीला सरकतं दार होतं, लाकडी पट्ट्यांचं, कागद लावलेलं. काकू म्हणाल्या होत्या की आत कुणी नाही. दार चार बोटं उघडं होतं आणि फटीतून उजेड जमिनीवर पडला होता. भाजलेल्या मांसाचा वास येत होता, पण तो तर तिथे सगळीकडेच येतो.

मी परत फिरले असते तर बरं झालं असतं. पण मला भीती वाटत नव्हती, हे खरं आहे. मला हेवा वाटत होता. ते शब्द म्हणून टाकल्यावर कसं दिसतं माणूस, ते मला बघायचं होतं.

फटीतून एक टेबल दिसलं. त्यावरचा पाइप इतका खाली ओढलेला होता की बसलेल्यांचे चेहरे त्याच्या तोंडामागे झाकले गेले होते. दिसत होते फक्त हात. एक हात चिमट्याने भाजत होता, मनगट गरगर फिरवत, जसा मी कितीतरी वेळा पाहिला आहे. समोरचा हात पानाची पुरचुंडी करत होता. त्या मनगटावर घड्याळ होतं आणि पट्ट्यावर हिरवा दोरा. हात पुढे गेला, पाइपच्या मागे कुणाच्या तरी तोंडात घास दिला गेला, आणि कुणीतरी भरल्या तोंडाने हसलं.

मग त्या घड्याळाच्या हाताने पाइप धरला आणि तो वर सरकवायला सुरुवात केली. आधी शाळेच्या सदऱ्याची कॉलर दिसली. मग हनुवटी. मग ओठ, काहीतरी बोलत असलेले, हलणारे, न लाजणारे.

ओठ मध्येच थांबले. तिने मला पाहिलं असावं.

ती उठली. मला वाटलं ती बाहेर येईल, काहीतरी म्हणेल. तिने फक्त हात लांब करून दार लावून घेतलं. जोरात नाही. जेवताना समोरून कुणी परकं माणूस डोकावलं तर लावतात तसं.

मी धावत टेबलाशी आले. "राहा" हा शब्द माझ्या घशापर्यंत आला होता, त्या क्षणी तो कुणाच्या आधी आहे आणि कुणाच्या मागून, याचं मला काही सोयरसुतक उरलं नव्हतं. भिंगरी फोन पिशवीत ठेवत होती.

"सांगितलं बाबांना," ती म्हणाली. "त्यांनी आत्याला कळवलंसुद्धा. खूश झाले ते. इथेच येतायत घ्यायला."

"बरं झालं," मी म्हणाले.

वर नुसता पंखा फिरत होता.

७

ती गेली त्याला आता बराच काळ झाला. शाळेत माझ्या शेजारी दुसरी एक मुलगी बसते. चांगली आहे, पण तिला माझी उत्तरं ऐकू येत नाहीत, आणि आली तरी ती उभी राहणार नाही.

भिंगरी सुरुवातीला वरचेवर फोन करायची. नवीन शाळेतल्या गमती सांगायची. मी मान हलवायची, ते फोनवर दिसत नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं. हळूहळू फोन कमी झाले. मग सणावाराला आठवण यावी तसे येऊ लागले.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. आत्याच्या घोरण्याचंही झालं. मग ती एकदम म्हणाली, "मुंगे, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्या दिवशी हॉटेलात, पाइपमधून तुला काही ऐकू येत होतं?"

स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती, त्या आवाजात माझा आवाज बुडेल असं वाटलं, पण नाही बुडाला.

"हो," मी म्हणाले.



"आधी मला वाटलं की माझ्याच डोक्यात आहे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मग तू काकूंना पाइपचं विचारलंस तेव्हा कळलं की तुलाही येतंय. नंतर मात्र मी स्वतःला सांगत राहिले की तुला नसेल आलं. कारण मग ठीक होतं. तू आपली सरळ विचार करून 'जा' म्हणालीस, असं धरता येत होतं." ती थांबली. "पण तू ऐकलंस. ती 'राहा' म्हणाली ते ऐकलंस. मी तुझ्याकडे बघत बसले होते गं, आता म्हणेल, आता म्हणेल. आणि ते ऐकूनसुद्धा तू 'जा' म्हणालीस."

"तसं नाही," मी म्हणाले.

"मग कसं?"

सगळं सांगायचं होतं. मी घाबरले होते, मला ती गोष्ट खोटी पाडायची होती, मी आत जाऊन पाहिलं, परत धावत आले, शब्द घशात होता. आणि शेवटी, अजून वेळ गेली नसेल तर, ये ना परत. आत्याकडे राहा. वाक्यं तयार होती. मी तोंड उघडलं.

आणि मी ऐकत थांबले. फोनमधून, भिंतीतून, आईच्या भांड्यांच्या मागून, कुठूनही. ती दुसरी ते आधी म्हणेल, नीट, मोठ्याने, "गं" योग्य जागी घालून, आणि मी या वेळी अगदी गुपचूप तिच्या मागून म्हणेन.

भिंगरीही थांबली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

या वेळी माझ्या आधी कुणीच बोललं नाही.